प्रकाश म्हणजे शांतता, हे समीकरण कितपत खरे? प्रकाशकलेतील युद्ध आणि शांततेच्या प्रतीकांविषयी

कवडसा :

मी एका कला महाविद्यालयात शिकवतो. यंदाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी ‘संघर्ष आणि शांतता’ हा विषय निवडला असून रंग, माती, कागद यांऐवजी प्रकाश हेच मुख्य माध्यम असावे, अशी अटही त्यांनीच घालून घेतली आहे. आतापर्यंत आलेल्या आराखड्यांत मात्र एकच सांगाडा पुन्हा पुन्हा दिसतो : काळोख म्हणजे युद्ध, उजेड म्हणजे शांतता, आणि शेवटी पणत्यांची ओळ किंवा भिंतीवर पडलेली पांढऱ्या कबुतराची प्रतिमा. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ बालवाडीपासून म्हणत आलेल्या मुलांना प्रकाशाकडे संशयाने पाहायला सांगणे सोपे नाही, हे मला कळते. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास पाहता प्रकाश एवढा निरागस राहिलेला नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचवल्याशिवाय मला राहवत नाही.

त्यासाठी मी वर्गात दोन छायाचित्रे कृष्णधवल करून, जमिनीवरची गर्दी आणि इमारती दिसणार नाहीत अशा बेताने कातरून, शेजारी शेजारी लावली. एक न्यूरेम्बर्गचे होते, जेथे 1930च्या दशकात नाझी पक्षाच्या मेळाव्यांभोवती सर्चलाइटचे झोत आकाशात उभे केले जात; दुसरे न्यूयॉर्कचे, जेथे 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यातील मृतांच्या स्मरणार्थ दोन झोत उभे केले जातात. यांपैकी शोक कोणता आणि सत्तेचे प्रदर्शन कोणते, असे विचारल्यावर वर्गात बराच वाद झाला, आणि अनेकांना न्यूरेम्बर्गचेच चित्र अधिक ‘पवित्र’ वाटले.

त्यामुळे माझा प्रश्न असा आहे की, साधन तेच, आकार जवळजवळ तोच आणि पाहणाऱ्याच्या मनात उमटणारा भव्यतेचा भावही तोच असेल, तर एका कलाकृतीला शांततेचे प्रतीक आणि दुसरीला युद्धाचे प्रतीक ठरवणारी गोष्ट नेमकी कोणती? ती कलाकृतीच्या घडणीत असते, की आपण केवळ तिच्याखालची ओळ वाचून निर्णय देत असतो? जगभरातील प्रकाशकलेतून याची काही ठोस उदाहरणे मिळाली, तर ती मला विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील.

नेपथ्य :

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे सुरुवात साधनापासून करतो. प्रतीकाचा निम्मा अर्थ साधनाच्या पूर्वायुष्यात असतो, असे माझे मत आहे. रात्री बाँब टाकायला येणारी विमाने आणि वायू भरलेली हवाई जहाजे शोधण्यासाठी पहिल्या महायुद्धात सर्चलाइटचा सर्रास वापर झाला. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवून ती अन्वस्ताकार (पॅराबोलिक, खोलगट) आरशाच्या नाभीशी, म्हणजे फोकसशी, ठेवली, की किरण जवळजवळ समांतर बाहेर पडतात आणि हवेतील धूळ व बाष्प यांच्यावरून विखुरल्यामुळे तो झोत भरीव असल्याचा भास होतो. या झोतात सापडलेला वैमानिक खालच्या तोफांचे लक्ष्य होत असे. म्हणजे या दिव्याचा जन्मच मुळी दुसऱ्याला उघडे पाडण्यासाठी झालेला आहे.

न्यूरेम्बर्गची कल्पना आल्बर्ट स्पेअर या वास्तुविशारदाची. तिचे मूळ त्याने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे आणि ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. 1934च्या मेळाव्यात पक्षाचे मधले आणि किरकोळ पदाधिकारी मैदानावर आणायचे होते; पदामुळे मिळणाऱ्या सुखाने त्यांची पोटे सुटलेली होती आणि सैनिकांसारखे शिस्तीत चालणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांना अंधारात आणावे, असे स्पेअरला सुचले. मग झेपेलिन मैदानाभोवती सुमारे 12 मीटरच्या अंतराने, त्याच्या सांगण्यानुसार 130, विमानवेधी सर्चलाइट आकाशाकडे तोंड करून लावण्यात आले. हवाई दलाच्या राखीव साठ्यातील बहुतेक दिवे त्यात खर्ची पडत असल्याने हवाई खाते सांभाळणाऱ्या ग्योरिंगने कुरकुर केली. परंतु एवढे दिवे आपण नुसत्या समारंभाला वापरतो हे पाहून इतर देशांना आपल्याकडे त्यांचा पूर आला आहे असे वाटेल, असा हिशेब हिटलरने मांडला. पुढे ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांनाही त्या झोतांच्या आत उभे राहून बर्फाच्या कॅथीड्रलमध्ये असल्यासारखे वाटले, यावरून ती युक्ती किती परिणामकारक होती हे दिसते. समांतर झोत उंचावर एकमेकांना मिळाल्यासारखे भासतात, रेल्वेचे रूळ दूरवर मिळतात तसे, आणि त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला आपल्यावर घुमट असल्याचा भ्रम होतो. तुमच्या विद्यार्थ्यांना जे ‘पवित्र’ वाटले ते या भ्रमामुळे, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. फरक कलाकृतीच्या घडणीतच असतो, असे मला वाटते, आणि तो तपासण्यासाठी झोत कोणाच्या हातात आहे आणि तो बदलू शकतो का, हे विचारावे. न्यूरेम्बर्गचे झोत स्थिर होते. आत उभ्या असलेल्या माणसाला करण्यासारखे काहीही उरलेले नव्हते. याच्या नेमके उलट काम मेक्सिकोत जन्मलेले राफाएल लोसानो-हेमर गेली पंचवीसहून अधिक वर्षे करत आहेत. 1999च्या अखेरीस मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकाभोवती त्यांनी 18 सर्चलाइट बसवले आणि त्यांची दिशा ठरवण्याचे काम इंटरनेटवरून कोणाही व्यक्तीवर सोपवले, त्यामुळे आकाशातील रचना सतत बदलत राहिली.

परंतु तुमच्या विषयाला अधिक जवळचे काम त्यांनी 2008 साली त्याच शहरातील त्लातेलोल्को येथे केले. तेथे 2 ऑक्टोबर 1968 रोजी, ऑलिंपिक स्पर्धा तोंडावर आल्या असताना, निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्यातील मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. गोळीबाराच्या आधी आकाशातून पेटत्या संकेतज्योती सोडल्या गेल्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. म्हणजे त्या चौकातील प्रकाशाच्या स्मृतीलाच रक्ताचा डाग आहे. घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हा लोसानो-हेमर यांनी त्या जागी एक मेगाफोन ठेवला आणि त्यात कोणीही येऊन काहीही बोलावे, अशी मुभा दिली. बोलणाऱ्याचा आवाज 10 किलोवॉटच्या सर्चलाइटला जोडलेला होता. आवाज चढला की झोत प्रखर होई, माणूस थांबला की विझे. तो झोत शेजारच्या उंच इमारतीच्या माथ्यावर पोचला की तेथील आणखी तीन सर्चलाइट तोच लुकलुकाट शहराच्या वेगवेगळ्या दिशांना पाठवीत, आणि त्या दिव्यांचे म्हणणे काय आहे हे ऐकायचे असेल त्याने विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर ते ऐकावे, अशी सोय होती. कोणाच्याही बोलण्याला कात्री लावली गेली नाही. बोलायला कोणी नसेल तेव्हा वाचलेल्यांच्या आणि त्या काळातील इतरांच्या ध्वनिमुद्रित आठवणी इमारतीच्या माथ्यावरील दिव्यांतून फिरत.

प्रकाशयोजनाकार म्हणून मला यात सर्वाधिक आवडते ती विझण्याची सोय. न्यूरेम्बर्गच्या झोताला माणसाच्या गप्प बसण्याने काहीही फरक पडत नव्हता. येथे माणूस गप्प झाला की चौकातला दिवा जातो.

स्प्रेकाठी :

वरील प्रतिसादात एक भर घालते. मी बर्लिनमध्ये राहते आणि 2014 साली भिंत पडल्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा येथे जे प्रकाशशिल्प उभारले गेले ते प्रत्यक्ष पाहिले आहे. क्रिस्टोफर बाउडर आणि मार्क बाउडर या बंधूंनी जुन्या भिंतीच्या रेषेवर, शहराच्या मधोमध सुमारे 15 किलोमीटर लांबीवर, आतून उजळलेले सुमारे 8,000 पांढरे फुगे उंच दांड्यांवर उभे केले होते. ते 7 नोव्हेंबरपासून तीन रात्री तसेच होते, आणि 9 तारखेच्या संध्याकाळी एकामागून एक आकाशात सोडण्यात आले.

या कामाचे बळ आकाशात सोडण्याच्या क्षणात होते, असे बातम्यांत वाचायला मिळते. माझ्या दृष्टीने ते त्याआधीच्या दोन दिवसांत होते. भिंत पडल्यानंतर जन्मलेल्या पिढीला ती नेमकी कोठून जात होती हे ठाऊक नसते. आज ज्या रस्त्यावरून ट्राम जाते, ज्या पुलावर मुले बिअर पीत बसतात, तेथे अचानक ही दिव्यांची रांग आडवी आली, आणि आपण दिवसातून कितीदा ‘पलीकडे’ जातो हे माणसांना पावलापावलाला कळू लागले. वृद्ध माणसे अनोळखी तरुणांना थांबवून, आपण कोणत्या बाजूला राहत होतो हे सांगत होती. म्हणजे शांततेचे स्मारक करताना कलावंतांनी आधी संघर्षाची रेषा पुन्हा आखून दाखवली, आणि ही गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांच्या कबुतरांत नाही.

प्रकाशाच्या निरागसतेविषयी आपण जे लिहिले आहे त्याला पुष्टी देणारी आणखी एक बाब सांगते. भिंत उभी असताना दोन तटबंद्यांमधला पट्टा रात्रभर दिव्यांनी लख्ख उजळलेला असे, कारण पळून जाणारा माणूस पहारेकऱ्यांना दिसला पाहिजे, हा त्याचा उद्देश होता. पूर्व बर्लिनमधील कित्येक घरांत रात्री खिडकीतून येणारा तो उजेड हाच राज्यसत्तेचा रोजचा परिचय होता. त्याच रेषेवर मऊ, हलणारा असा प्रकाश ठेवणे ही जाणीवपूर्वक केलेली निवड असणार.

थोडे विषयांतर करते. 2013 साली क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने अवकाश स्थानकातून टिपलेल्या रात्रीच्या बर्लिनमध्ये पूर्वेकडील भाग पिवळसर आणि पश्चिमेकडील भाग पांढुरका दिसतो, कारण दोन राज्यव्यवस्थांनी रस्त्यांवर वेगवेगळ्या प्रकारचे दिवे लावले होते आणि पुढे ते बरेचसे तसेच राहिले. हे कोणा कलावंताने केलेले नाही, तरीही फाळणीचे इतके स्पष्ट प्रकाशचित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

रोखठोक :

चर्चा चांगली आहे, परंतु लोकसहभाग असला की कलाकृती आपोआप शांततेच्या बाजूची होते, हे मला पटत नाही. सोकालो चौकातील ज्या कामाचा उल्लेख वर आला आहे ते मेक्सिकोच्या शासकीय सांस्कृतिक संस्थेनेच नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी करवून घेतले होते. लोकांना झोत फिरवायला देणे आणि लोकांना निर्णय घ्यायला देणे यांत फार अंतर आहे. त्लातेलोल्कोचे काम मात्र या आक्षेपातून सुटते, कारण तेथे लोकांना बोलायला दिले होते, आणि तेही राज्यसंस्थेच्या गुन्ह्याबद्दल.

शांततेचे म्हणून जे सर्वांत प्रसिद्ध प्रकाशशिल्प आहे त्याविषयीही थोडे स्पष्ट लिहितो. आइसलँडमध्ये रेक्याविकजवळच्या विदेय बेटावर कलावंत योको ओनो यांनी 2007 साली आपले पती, गायक जॉन लेनन यांच्या स्मरणार्थ प्रकाशाचा मनोरा उभारला. पांढऱ्या दगडी विहिरीसारख्या बांधकामातून झोत वर जातात, त्या दगडावर शांततेची कल्पना करण्याचे आवाहन 24 भाषांत कोरलेले आहे, आणि दरवर्षी 9 ऑक्टोबरपासून, म्हणजे लेनन यांच्या जन्मदिवसापासून, 8 डिसेंबरपर्यंत, म्हणजे त्यांच्या हत्येच्या दिवसापर्यंत, तो लावला जातो. वीज भूगर्भातील उष्णतेपासून मिळवलेली आहे, हे चांगलेच आहे. परंतु त्यात संघर्ष कोठे आहे? कोणी कोणाला मारले, कशासाठी मारले, याचा मागमूसही नसल्यामुळे जगातील कोणत्याही राष्ट्रप्रमुखाने त्याच्यापुढे निर्धास्तपणे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, अशी ती कलाकृती आहे. ज्या प्रतीकाचा कोणालाच त्रास होत नाही ते प्रतीक कितपत काम करते, याची मला शंका आहे. खाजगी शोकाचे स्मारक म्हणून पाहिले, तर मात्र त्या दोन तारखांमधला प्रकाश मला खरा वाटतो.

न्यूयॉर्कच्या झोतांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. प्रत्येकी 7,000 वॉटचे 88 झेनॉन दिवे दोन चौकोनांत मांडून ते झोत तयार होतात, आणि मार्च 2002मध्ये ते पहिल्यांदा लावले गेले. पुढे ते दरवर्षी 11 सप्टेंबरला लावले जाऊ लागले, आणि तो काळ पक्ष्यांच्या स्थलांतराचा असल्यामुळे हजारो पक्षी त्या प्रकाशात अडकून घिरट्या घालू लागतात आणि थकतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सात वर्षांतील सात रात्रींत मिळून सुमारे 11 लाख पक्ष्यांवर त्याचा परिणाम झाला होता. म्हणून आता पक्षीनिरीक्षक रात्रभर मोजणी करतात आणि झोतातील पक्ष्यांची संख्या हजाराच्या वर गेली, की दिवे सुमारे वीस मिनिटे बंद ठेवले जातात. तेवढ्या वेळात पक्षी पांगतात. मृतांच्या स्मरणासाठी लावलेला दिवा जिवंतांसाठी विझवणे ही गोष्ट मूळ आराखड्यात नव्हती, पण माझ्या मते त्या स्मारकातील सर्वांत विचारी भाग तोच आहे. ‘नेपथ्य’ यांनी विझण्याविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी येथे सहमत आहे.

कवडसा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झोत कोणाच्या हातात आहे आणि तो विझू शकतो का, हा निकष मी वर्गात निश्चितच मांडीन, आणि ‘रोखठोक’ यांचा आक्षेपही त्याच्या जोडीने मांडीन. मात्र ही सर्व उदाहरणे चौकांची आणि आकाशांची आहेत. आमच्याकडे एक बऱ्यापैकी मोठी खोली, काही जुने प्रोजेक्टर आणि तुटपुंजा निधी आहे. बंदिस्त जागेत, लहान साधनांनी, आणि शक्य असल्यास आपल्या उपखंडाच्या संघर्षांशी नाते असलेले असे काम कोणी केले आहे का?

शाईचा डाग :

केले आहे, आणि तेही मुंबईत. परंतु तेथे जाण्याआधी हिरोशिमाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण प्रकाश हेच शस्त्र झाल्याचे त्याहून थेट उदाहरण नाही. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता झालेल्या स्फोटाच्या उष्ण झोताने स्फोटाच्या केंद्राजवळील एका बँकेच्या दगडी पायऱ्यांचा पृष्ठभाग उजळ पडला. जेथे कोणी माणूस बसलेला होता तेवढाच भाग काळपट राहिला. त्या पायऱ्या आज तेथील संग्रहालयात आहेत. हे एकदा पाहिल्यावर सावली म्हणजे अशुभ आणि उजेड म्हणजे शुभ, हे गणित टिकत नाही, कारण येथे माणसाची एकमेव खूण सावलीने जपली आहे आणि माणूस प्रकाशाने नेला आहे.

पोलंडमध्ये जन्मलेले कलावंत क्रिस्तोफ वोदिच्को यांनी 1999च्या ऑगस्टमध्ये याच शहरात केलेले प्रक्षेपण मला फार महत्त्वाचे वाटते. बाँबस्फोटात अर्धवट उरलेल्या घुमटाच्या इमारतीखाली, नदीच्या बांधावर, त्यांनी केवळ हातांची चलत्चित्रे टाकली. बोलणारी माणसे बाँबहल्ल्यातून वाचलेली होती; त्यांत जपानने मजुरीसाठी आणलेल्या कोरियन लोकांचे अनुभवही होते, त्यामुळे जपान केवळ बळी होता, ही सोयीची समजूतही तेथे उरली नाही. चेहरा न दाखवता बोलताना अस्वस्थपणे हलणारे हात दाखवल्यामुळे ती पडकी इमारतच बोलते आहे, असा परिणाम साधला, आणि खालच्या पाण्यात ते हात उलटे दिसत होते. साधने पाहिलीत, तर प्रोजेक्टर, ध्वनिवर्धक आणि भिंत, एवढीच होती.

आता मुंबईविषयी. नलिनी मलानी यांचा जन्म 1946 साली कराचीत झाला, फाळणीमुळे कुटुंब भारतात आले, आणि त्यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले. मे 1998मध्ये आधी भारताने पोखरणला आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या, तेव्हा त्यांनी उर्दू लेखक मंटो यांच्या फाळणीवरील कथेतील टोबा टेकसिंहचे स्मरण करणारे चलत्चित्र मांडणीशिल्प केले. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये छोटे पडदे ठेवलेले होते, आणि भिंतींवरच्या मोठ्या प्रक्षेपणांत दोन स्त्रिया समोरासमोरच्या बाजूंनी एकच साडी घडी घालण्याचा प्रयत्न करताना दिसत. निर्वासित म्हणून ज्यांच्या घरात अशी ट्रंक आली त्यांना याहून अधिक सांगावे लागत नाही. साडीची घडी हे प्रतीक मला विशेष वाटते, कारण त्यात शत्रुत्व नाही, रक्त नाही, फक्त दोन बाजूंनी ताणलेले एक वस्त्र आणि न जुळणारी टोके आहेत.

तुमच्या खोलीच्या दृष्टीने मात्र त्यांची पुढची छायानाट्ये अधिक उपयोगी ठरतील. पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर आतल्या बाजूने प्राणी, माणसे, पुराणांतील आकृती रंगवायच्या, ती नळकांडी छतापासून टांगून सावकाश फिरवायची आणि त्यांच्यामधून चलत्चित्राचा झोत भिंतीवर टाकायचा, अशी ती रचना असते. 2003च्या अशा एका कामात हिरोशिमा आणि नागासाकीची दृश्ये भिंतीवर दिसतात आणि त्यांच्यावरून फिरत्या आकृतींच्या सावल्या सरकत जातात. कोणतीही आकृती एका जागी थांबत नाही. पाहता पाहता बळी आणि मारेकरी यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात, आणि कोण कोणत्या बाजूचे हे ठरवण्याची सवय लागलेल्या डोळ्याला तेथे आधार सापडत नाही.

मूळच्या लाहोरच्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या अनिला कय्यूम आगा यांचे काम याहून सोपे आणि म्हणून कदाचित अधिक लोकप्रिय आहे. स्पेनमधील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या नक्षीवरून त्यांनी सुमारे साडेसहा फूट बाजूचा लाकडी घन कोरून घेतला आणि त्याच्या मध्यभागी एकच दिवा लावला; त्या नक्षीची सावली खोलीच्या भिंती, छत, जमीन आणि पाहणाऱ्यांची शरीरे यांच्यावर सारखीच पडते. लहानपणी लाहोरमध्ये मशिदीच्या जागेपासून स्त्री म्हणून दूर राहावे लागल्याची आठवण त्यामागे आहे. 2014 साली मिशिगनमधील एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांचे आणि जनतेचे, दोन्ही सर्वोच्च कौल त्याला मिळाले. मला ते किंचित अतिसुंदर वाटते, हे नमूद करते. त्यातील वंचितपणा सौंदर्यामागे लपतो आणि लोक तेथे छायाचित्रे काढण्यात रमतात.

याच तंत्राचे कठोर रूप पाहायचे असेल, तर बैरूतमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मलेल्या आणि लेबनॉनमधील यादवीमुळे 1975पासून लंडनमध्येच अडकून पडलेल्या मोना हातूम यांचे 1992चे काम पाहा. तारेच्या जाळीची कपाटे एकावर एक रचून तीन बाजू बंद केल्या आहेत आणि मधोमध टांगलेला एकमेव बल्ब यंत्राने अत्यंत हळू खालीवर होतो. जाळीच्या सावल्या भिंतींवर सतत वाढतात, आक्रसतात आणि खोलीच हलते आहे असे वाटून पाहणाऱ्याला भोवळ येते. तुरुंग, छावणी, चौकशीची खोली यांपैकी कशाचेही नाव न घेता ते सर्व तेथे येते. दोघींकडे एकच दिवा आणि छिद्रे असलेली भिंत आहे. एकीची सावली स्वागत करते, दुसरीची कोंडते. विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी दाखवायला ही जोडी मी न्यूरेम्बर्ग आणि न्यूयॉर्कपेक्षाही अधिक पसंत करीन, कारण येथे फरक खालच्या ओळीतून येत नाही.

आणखी एक सुचवते. शक्य झाल्यास मुलांना कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन जा. तेथील ठाकर समाजातील कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ जिवंत ठेवला आहे. रामायणातील युद्ध तेथे पडद्यामागच्या दिव्यावर उभे राहते, आणि राम व रावण या दोघांच्याही सावल्या त्या एकाच उजेडाने पडतात. तुमच्या मुलांचे काळोख आणि उजेड यांचे वाटप तेथे आपोआप ढिले होईल.

नेपथ्य :

‘शाईचा डाग’ यांच्या प्रतिसादानंतर उदाहरणांची भर घालण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून केवळ तांत्रिक बाबी लिहितो. सावली धारदार हवी असेल, तर प्रकाश एका बिंदूतून यायला हवा. दुधी काचेचा बल्ब किंवा ट्यूब वापरली, तर सगळे धूसर होईल, आणि हल्ली बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा एलईडी दिव्यांत अनेक ठिपके असल्यामुळे एकाच वस्तूच्या चार-पाच फिक्या सावल्या पडतात. पारदर्शक काचेचा, लहान तारेचा हॅलोजन बल्ब उत्तम काम देतो. पण तो भयंकर तापतो, तेव्हा कागद, कापड आणि प्लॅस्टिक त्याच्यापासून दूर ठेवा आणि जवळ कोणीतरी सतत उभे राहील असे पाहा. वस्तू दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते आणि कडा पुसट होतात, भिंतीजवळ नेली की लहान आणि स्पष्ट होते. मुलांनी आराखडा कागदावर काढण्याआधी एक संध्याकाळ केवळ हे अंतर बदलून पाहण्यात घालवावी.

तुमच्या जुन्या प्रोजेक्टरविषयी एक सूचना आहे. प्रोजेक्टर काळे दृश्य दाखवत असतानाही भिंतीवर राखाडी चौकट उमटवतो, आणि पूर्ण अंधारात ती चौकट फार खटकते. तिच्यापुढे पुठ्ठ्याची झडप लावून ती हाताने किंवा छोट्या मोटरने बंद करता येईल अशी सोय करा. कामात ‘विझणे’ अर्थपूर्ण ठरणार असेल, तर ते खरोखर विझले पाहिजे. प्रदर्शन दिवसाही खुले राहणार असल्यास खिडक्यांना काळे कापड आधीच लावून दुपारी दोन वाजता खोली तपासा, कारण दारांच्या फटींतून येणारे ऊन संध्याकाळच्या तालमीत कोणाच्याही लक्षात येत नाही.